ध्वनियंत्रांचें प्रदर्शन व रसिकाची अपेक्षा

मनमाड हें मोठें जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड व छत्रपती संभाजीनगर या चारही दिशांना येथून रूळ जातात. रुळांजवळच्या घरांत इंजिनांच्या शिट्ट्या व स्थानकावरील घोषणा रात्रंदिवस ऐकूं येतात. अशा एखाद्या घरीं आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या पेटींत जपून ठेवलेल्या असल्या, तर त्या आतां ऐकावयाच्या कशा, हा प्रश्न घरच्या रसिकास पडतो. ध्वनियंत्रांचें प्रदर्शन भरलें कीं तेथें तो याच प्रश्नाचें उत्तर शोधतो.

अशीं प्रदर्शनें जुनींच आहेत. बर्लिनचें रेडिओ-प्रदर्शन १९२४ सालीं सुरू झालें. फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ सालीं तेथेंच प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकेंतील विख्यात प्रदर्शन १९६७ सालीं न्यूयॉर्क येथें प्रथम भरलें. हल्लीं तें जानेवारींत लास व्हेगस येथें भरतें. प्रत्येक नव्या शोधानें रसिकाची एकेक अडचण दूर केली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम ३ मिनिटें मिळत. अब्दुल करीमखां व हिराबाई बडोदेकर यांनाही रागाचा विस्तार तेवढ्याच वेळांत बसवावा लागला. १९४८ सालीं दीर्घ तबकडी निघाली व एका बाजूस २० मिनिटांहून अधिक काळ मिळूं लागला. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. तींत आवाजाचीं सेकंदास ४४,१०० मापें घेऊन तीं अंकांत नोंदविलेलीं असतात. मनुष्याचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनें ऐकूं शकतो, आणि कंपनाच्या नोंदीस त्याच्या दुपटीहून अधिक मापें लागतात. म्हणून हा आंकडा ठरला.

मग रसिकाची कोणती अपेक्षा शिल्लक राहते? पहिली, जुन्या तबकडीस मानवेल अशा यंत्राची. नव्या यंत्रांपैकीं पुष्कळांत ३३ व ४५ फेऱ्यांचीच सोय असते. शिवाय जुन्या तबकडीची खांच रुंद असल्यामुळें तिला दीर्घ तबकडीच्या सुईहून सुमारें तिप्पट जाड टोंकाची सुई लागते. बारीक सुई खांचेच्या तळाशीं उतरून तेथील धूळच वाजविते. जुन्या ग्रामोफोनवर हीच तबकडी वाजवावी, तर त्याच्या पोलादी सुईवर १०० ग्रॅमहून अधिक भार पडतो व प्रत्येक वेळीं खांच झिजते. आधुनिक सुईचा भार अवघा कांहीं ग्रॅम असतो.

दुसरी अपेक्षा सच्च्या आवाजाची. आणि येथेंच प्रदर्शनांत कान फसतो. १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आवाज मंद असतां कानास खर्जाचे स्वर विशेष क्षीण ऐकूं येतात. आवाज चढविला कीं तेच भरदार भासतात. त्यामुळें दोन यंत्रांपैकीं जें किंचित् मोठ्यानें वाजतें तेंच श्रेष्ठ वाटतें. यावर उपाय सोपा आहे. दोहोंचा आवाज समान ठेवावा, आणि आपल्या पूर्ण परिचयाची एकच ध्वनिमुद्रिका दोहोंवर ऐकावी. तींत तंबोरा असल्यास उत्तम. जवारींतून मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. खर्जाच्या तारेंतून गंधार ऐकूं येतो तो यामुळेंच. टिपेचे स्वर दबले तर जवारी निस्तेज होते. खर्ज फाजील फुगला तर गायकाचे शब्द बुडतात.

तिसरी अपेक्षा साधी असली तरी महत्त्वाची आहे. यंत्र दुरुस्त करतां यावें व त्याची सुई वर्षांनंतरही मिळावी. रुळांकांठच्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाडी जातांना जमीन थरथरते व ती थरथर सुईवाटें आवाजांत मिसळते. यंत्र जड फरशीवर ठेवून फरशीखालीं रबराचे तुकडे दिल्यास हा त्रास बराच कमी होतो.

लाखेची तबकडी हातून निसटली कीं फुटते, आणि फुटलेली पुन्हा गात नाहीं. ती शाबूत आहे तोंच हलक्या सुईनें वाजवून तिचा आवाज अंकांत उतरवून ठेवावा. मग आजोबांनीं जो आलाप ऐकला, तोच नातवासही ऐकतां येईल.