दोन तपासण्यांमधले दिवस



डॉक्टरांची भेट दहा मिनिटांची, आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी. मधले नव्वद दिवस रोग्याला आपले आपणच काढावे लागतात. हल्ली ज्याला ‘लाइफ कोच’ म्हणतात, त्या मार्गदर्शकाचे खरे काम या नव्वद दिवसांत आहे. नाव परके म्हणून त्याला हसू नये, आणि गुळगुळीत जाहिरात पाहून भुलूही नये. त्याचा उपयोग काय व मर्यादा कोठे, एवढेच आम्ही मांडणार आहोत.

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. डॉक्टर कामगाराला सांगतात, ‘वेळेवर जेवा, रोज चाला, गोळी चुकवू नका.’ सल्ला अगदी बरोबर. पण या आठवड्यात त्याची पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. मग ‘वेळेवर’ म्हणजे केव्हा? पहाटे डबा कोणी करायचा? कँटीनमध्ये वडा आणि गोड चहा यांखेरीज काही नसेल तर? गर्दीच्या दवाखान्यात हे विचारायला सवड नसते, आणि रोगीही संकोचाने बोलत नाही. मार्गदर्शक येथूनच आरंभ करतो. तो विचारतो, ‘या आठवड्यात तुम्हांला काय जमेल?’ रोगी म्हणतो, ‘चहातली साखर सोडीन, एक थांबा अलीकडे उतरून चालत जाईन.’ आठवड्याने दोघे मिळून पाहतात, काय साधले, काय फसले आणि का. गोळीची वेळ रात्रपाळीशी जुळत नसेल, तर तो प्रश्न डॉक्टरांपुढे नेण्यासाठी लिहून ठेवतात.

आम्ही चळवळीतली माणसे हे ओळखतो. वरून आलेला ठराव कागदावर राहतो. सभासदांनी स्वतः केलेला अमलात येतो.

याला पुरावाही आहे. अमेरिकेत २७ केंद्रांवर ३,२३४ लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आहार, व्यायाम आणि पाठीशी मार्गदर्शक मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. दक्षिण भारतातील ५३७ नोकरदार पुरुषांचा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. सल्ला सर्वांनाच दिला होता. निम्म्यांना पुढे दोन वर्षे मोबाइलवर संदेशही येत राहिले. संदेश मिळालेल्यांत १८ टक्के मधुमेही झाले, इतरांत २७ टक्के. नुसता सल्ला देणे निराळे आणि तो पाळताना सोबत करणे निराळे.

मात्र हे आकडे रोग जडण्यापूर्वीचे आहेत, हे विसरू नये. रोग जडल्यावर गोळीची जागा मार्गदर्शक घेऊ शकत नाही. डॉक्टर होण्यास नोंदणी लागते. ‘लाइफ कोच’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो. म्हणून खूणगाठ बांधावी : जो ‘इन्शुलिन सोडा’ म्हणतो, त्याच्याकडून तत्काळ उठावे. छातीत दुखले, घाम फुटून हातपाय कापू लागले, तर तेथे गप्पागोष्टींचे काम नाही. लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

या मार्गदर्शकाची फी ज्याला झेपत नाही, त्याने काय करावे? विचारणे, ऐकणे आणि पाठपुरावा करणे ही कामे शिकवलेली परिचारिका करू शकते, आणि त्याच रोगातून वाट काढलेला सोबतीही करू शकतो. परंतु सारा भार रोग्याच्या निश्चयावर टाकून आपण मोकळे होऊ नये. पाळी दर आठवड्याला बदलत असेल आणि जेवायला वीसच मिनिटे मिळत असतील, तर मनोनिग्रहाचे धडे किती पुरणार? तेथे मार्गदर्शकाने रोग्याला धीर द्यावा, डॉक्टरांनी औषध द्यावे, आणि जेवणाच्या सुट्टीची व कँटीनमधल्या भाजीभाकरीची मागणी आपण सर्वांनी मिळून करावी.