टपाल थांबता कामा नये

1924 साली जाँ मेर्मोझ नावाचा बावीस वर्षांचा तरुण फ्रान्समधल्या तुलूझला लातेकोएर कंपनीत वैमानिकाच्या नोकरीसाठी आला. चाचणीत त्याने विमानाच्या कोलांट्या मारून दाखवल्या. प्रमुख दिदिए दोरा यांनी सरळ सांगितले, आम्हाला कसरतपटू नकोत. मग साधे उड्डाण करून दाखवल्यावर तो कामावर लागला खरा, पण सुरुवात झाली इंजिने साफ करण्यापासून. कंपनी टपाल नेत होती, आणि टपालाला हवा असतो वक्तशीरपणा. पुढच्या बारा वर्षांत मेर्मोझने त्यासाठी जे केले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पहिली अडचण रात्रीची. दिवसा विमान आगगाडीला आणि बोटीला मागे टाकी, पण अंधार पडला की ते जमिनीवर. बोट मात्र रात्रभर चालतच राही. दिवसाची सगळी कमाई रात्री वाया जाई. 1928 मध्ये मेर्मोझने रिओ द जानेरो आणि ब्युनोस आयर्स यांच्या दरम्यान रात्रीही टपाल न्यायला सुरुवात केली. खाली उतरायची जागा ओळखायची ती पेट्रोल पेटवून केलेल्या उजेडावरून!

पुढे अँडीज पर्वत. तिथली शिखरे सहा हजार मीटरच्याही वर, आणि त्याचे विमान तेवढे चढतच नसे. मग उपाय वाऱ्याचा. डोंगराला थडकलेला वारा वर उसळतो. त्यात विमान घातले की तोच ते उचलून नेतो. पण पलीकडच्या अंगाला तोच वारा खाली कोसळतो. मार्च 1929 मध्ये मेर्मोझ आणि त्याचा मेकॅनिक आलेक्झांद्र कोल्नो सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या एका सपाटीवर अडकले. विमान मोडलेले, हवा विरळ, रात्री हाडे गोठवणारी थंडी. कोल्नोने हाताशी होते त्यातूनच मोडतोड सांधली, थंडीने फुटलेल्या नळ्या बांधून घेतल्या. मग दोघांनी विमान उतारावरून थेट कड्याकडे सोडले. जमीन संपली तिथे दरी होती. त्या कोसळण्यातच विमानाला वेग मिळाला, पंखांनी हवा धरली, आणि दोघे जिवंत चिलीत परतले.

उरला समुद्र. आफ्रिका ते ब्राझील टपाल बोटीने जाई, त्यात चार-पाच दिवस मोडत. 12 मे 1930 रोजी मेर्मोझ, दिशादर्शक जाँ दाब्री आणि रेडिओ सांभाळणारा लेओपोल्द जिमिए असे तिघे एकाच इंजिनाच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून सेनेगलमधल्या सेंट लुईहून निघाले. वाटेत विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकमेकांना भिडतात. उष्ण, दमट हवा वर चढते आणि ढगांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांतून वाट काढत सुमारे एकवीस तासांत, तीन हजारांहून जास्त किलोमीटर पार करून, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राझीलच्या नाताल बंदरात उतरले.

7 डिसेंबर 1936 रोजी मेर्मोझ डाकारहून पुन्हा समुद्र ओलांडायला निघाला, या वेळी एकाहून जास्त इंजिनांच्या विमानातून. मागचे उजवे इंजिन बंद करत असल्याचा संदेश आला, आणि मग काहीच नाही. पाच जणांसह ते विमान अटलांटिकमध्ये नाहीसे झाले. तोवर महासागरावरून विमानाने टपाल जाणे हा पराक्रम उरला नव्हता, ते वेळापत्रकातले काम झाले होते. माझ्या मते मेर्मोझची खरी करामत हीच: त्याने जे अशक्य होते, ते रोजचे करून ठेवले.