टॅलिस स्कॉलर्सचे दहा गळे

ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना पीटर फिलिप्स यांनी १९७३ साली काही गायक गोळा केले आणि सोळाव्या शतकातलं चर्चसंगीत गायला घेतलं. इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या टॉमस टॅलिस या रचनाकारावरून गटाचं नाव पडलं टॅलिस स्कॉलर्स. पन्नास वर्षं उलटली, कंडक्टर अजून फिलिप्सच आहेत. साथीला एकही वाद्य नाही आणि मंचावर बहुतेक वेळा दहाच जण.

दहाच का, हे कळायला आधी संगीताची रचना पाहावी लागते. या संगीतात एक मुख्य चाल आणि बाकीचे साथीला, असा प्रकार सहसा नसतो. चार-पाच चाली एकाच वेळी चालू असतात, आणि त्या गाणारे आवाज उंचापासून खर्जापर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे. टेनरने एक तुकडा म्हटला की आल्टो तोच उचलते, मग सोप्रानो, मग बास. तोवर टेनर पुढे निघून गेलेला असतो. प्रत्येक चाल वेगळी ऐकू यायला हवी, म्हणून गर्दी नको. पण एका चालीला एकच गायक ठेवला तर तो श्वास घेईल तिथे ती तुटते, आणि इथली वाक्यं लांबच लांब असतात. दोघं असले की एक श्वास घेतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. पाच चाली, प्रत्येकी दोन गळे, झाले दहा.

पुढचा प्रश्न सुराचा. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). वाद्य नसल्यामुळे या गायकांवर तो चढा गंधार लादला जात नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार त्यांना लावता येतो. तो लागला की दहा गळ्यांचा आवाज भरून येतो. मात्र त्यासाठी सूर स्थिर हवा. ऑपेरातला गायक आवाज थरथरवतो तसा इथे थरथरवला, तर जोडीदाराचा सूर कुठे जुळवायचा? म्हणून गायक निवडतानाच सरळ, स्वच्छ आवाज पाहिला जातो. त्या काळी चर्चमध्ये वरच्या पट्टीतला भाग मुलगे गात. इथे तो स्त्रिया गातात.

कंडक्टरचं बरंचसं काम मैफिलीआधीच झालेलं असतं. मूळ हस्तलिखितांत आणि छापील वह्यांत बहुधा प्रत्येक आवाजाचा भाग सुटा लिहिलेला असे. मात्रांचे खण पाडणाऱ्या उभ्या रेषा नसत, हळू-मोठ्याच्या खुणाही नसत. काही स्वर कोमल की तीव्र, तेही गायकाने जाणायचं. हे सगळे भाग एकाखाली एक मांडून नवी प्रत तयार करावी लागते. पट्टीही ठरवावी लागते, कारण कागदावरचा स्वर नेमका किती उंच हे तेव्हा पक्कं नव्हतं. फिलिप्स यांनी अनेक इंग्लिश रचना लिहिल्यापेक्षा दीड स्वर वर गाऊन घेतल्या. त्या काळी पट्टी तेवढी वर होती, हा त्यामागचा सिद्धांत. पुढे अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. मला विचाराल तर सोप्रानोच्या त्या उंच, लखलखीत आवाजानेच या गटाची ओळख घडवली. त्या सिद्धांताचा पुरावा मात्र कच्चा वाटतो.

मैफिलीत मग उरतं काय? लय सांभाळणं आणि कान उघडे ठेवणं. कोणत्या आवाजाचा प्रवेश पुढे यावा, कोणी मागे सरावं, शेवटचा स्वर सभागृहाच्या घुमाऱ्यात किती वेळ ठेवावा, हे हाताने सुचवायचं. टॅलिसची ‘स्पेम इन आलियम’ ही रचना चाळीस स्वतंत्र आवाजांची, पाच-पाचांच्या आठ गटांत वाटलेली. तिथे दहा जण पुरत नाहीत, जादा गायक बोलवावे लागतात आणि हात जरा ठसठशीत हलवावा लागतो.

१९८७ साली जोस्कँ या रचनाकाराच्या दोन मिस्सांच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठीच्या रचनांच्या) ध्वनिमुद्रणाला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा त्या वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा सन्मान मिळाला. इतक्या जुन्या संगीताला तो पहिल्यांदाच मिळत होता. ते मुद्रण गटाच्या स्वतःच्या गिमेल कंपनीचं होतं. पुढे जोस्कँच्या सगळ्या मिस्सा मुद्रित करून २०२० साली ती मालिका पूर्ण झाली.

ऐकायला सुरुवात करायची तर त्या सन्मान मिळालेल्या मुद्रणातली ‘मिस्सा पांजे लिंग्वा’ घ्या. चारच आवाज आहेत. पहिल्या खेपेला फक्त बासच्या मागे जा, दुसऱ्या खेपेला टेनरच्या. चारही एकदम धरायची घाई करू नका.