कबड्डीचे राष्ट्रीय अजिंक्यपद

कबड्डीचे राष्ट्रीय अजिंक्यपद : प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत खेळल्या जाणाऱ्या कबड्डी या भारतीय मैदानी खेळातील अखिल भारतीय विजेता ठरविणारी स्पर्धा. राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा व विद्यापीठांच्या संघांची आंतरविद्यापीठीय स्पर्धा असे तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. वऱ्हाडातील अमरावती या शहराचा कबड्डीच्या प्रसाराशी निकटचा संबंध आहे.

राष्ट्रीय अजिंक्यपदाला दोन गोष्टी लागतात : सर्वांना मान्य अशी एक नियमावली आणि ठिकठिकाणच्या विजेत्यांना एकमेकांसमोर आणणारी सामन्यांची रचना. कबड्डीच्या बाबतीत पहिली गोष्टच दीर्घकाळ नव्हती. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु व दक्षिणेत चेडुगुडु अशी या खेळाची नावे होती आणि नावाप्रमाणे खेळण्याची रीतही बदलत असे. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बाद झालेला गडी पुन्हा खेळात येई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, तर ‘अमर’मध्ये गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई. एकाच गावातील दोन आखाड्यांनाही सामन्यापूर्वी नियमांवर वाटाघाटी कराव्या लागत, तेथे दोन प्रांतांच्या विजेत्यांची तुलना करणे निरर्थकच होते. आजचा खेळ मुख्यतः संजीवनी प्रकारातून विकसित झालेला आहे.

नियम एकत्र करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात व बडोद्यात झाले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये अखिल भारतीय स्वरूपाचे सामने भरविले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ च्या सुमारास तयार केलेल्या नियमांमुळे खेळाला बऱ्याच अंशी एकरूपता आली.

याच काळात अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पुढे आले. अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये आखाड्याच्या रूपाने सुरू केलेल्या या संस्थेत कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांबरोबर सांघिक देशी खेळांचेही पद्धतशीर शिक्षण दिले जाई. तेथील उन्हाळी वर्गांना निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येत व परत जाताना खेळाबरोबर त्याचे नियमही नेत. नियमांचा प्रसार केवळ छापील पुस्तिकांनी होत नाही. तो शिक्षकांकडून होतो, हे येथे स्पष्ट दिसते. १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब इ. भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके तेथे केली. या प्रसंगाचे वर्णन ‘कबड्डीचा ऑलिंपिकमधील समावेश’ असे कधीकधी केले जाते, ते सैल आहे. त्या वर्षीचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ बेसबॉल व ग्लायडिंग हे होते. तथापि परदेशी प्रेक्षकांसमोर हा खेळ शिस्तबद्ध स्वरूपात मांडला गेला, हे त्या पथकाचे श्रेय निर्विवाद आहे. देशांतर्गत मान्यता त्यानंतर मिळाली : १९३८ मध्ये कलकत्ता येथील भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीला स्थान मिळाले, १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला व १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिलांची स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्यास सुरू झाली.

विद्यापीठीय क्रीडांत कबड्डीचा समावेश १९६१ मध्ये झाला. या रचनेत महाविद्यालये आपापल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. त्यांतील निवडक खेळाडूंचा एक विद्यापीठ संघ बनतो. तो विभागीय सामने खेळतो व विभागांतील अग्रेसर संघ अखिल भारतीय फेरीत जातात. म्हणजे अकोल्याचे एखादे महाविद्यालय राष्ट्रीय अंतिम सामना स्वतः कधीच खेळत नाही. त्याचा खेळाडू विद्यापीठाचा गणवेश घालून खेळतो. अमरावती व अकोला येथील महाविद्यालये १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठास संलग्न होती आणि त्यामुळे वऱ्हाडातील खेळाडूला विद्यापीठ संघातील मोजक्या जागांसाठी नागपूर व भोवतालच्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ (पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) स्थापन झाल्यावर या भागाचा स्वतंत्र संघ उभा राहिला. खेळाडूच्या दृष्टीने नव्या विद्यापीठाचा हा लाभ पदवीपत्रावरील नावापेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची स्थिती नेमकी उलट होती. हा खेळ अंडाकृती चेंडूने खेळला जातो व पकड हे त्याचेही मुख्य अंग आहे. तेथे प्रत्येक शिक्षणसंस्थेचा स्वतःचा संघ असतो आणि नियमांचे एकीकरण लवकर झाले. पण सर्वोच्च श्रेणीत निर्णायक सामनाच नव्हता. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना रटगर्झ व प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, तरी पुढे शतकाहून अधिक काळ राष्ट्रीय विजेता मतांनी ठरविला जात असे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडालेखकांची नियमित मतमोजणी १९३६ मध्येच सुरू केली व तिच्यात मिनेसोटाचा संघ पहिला ठरला. प्रशिक्षकांचे मत वेगळे पडले म्हणजे एकाच वर्षी दोन विजेते होत. १९९० व १९९७ च्या हंगामांत असेच घडले. अव्वल दोन संघांना समोरासमोर आणणारी व्यवस्था १९९८ च्या हंगामापासून अमलात आली. ४ जानेवारी १९९९ रोजी टेनेसीने फ्लॉरिडा स्टेटचा २३–१६ असा पराभव केला. मात्र ते दोन संघ कोणते, हे गुणानुक्रमानेच ठरत असल्याने वाद मिटला नाही. २०१४ च्या हंगामापासून चार व २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली.

कबड्डीत असा मतांचा प्रश्न उद्भवला नाही. वाद उरला तो नियमांचाच. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगजो येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत व इराण २८–२८ असे बरोबरीत असताना भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागून इराणचे बचावपटूही तेथे उतरले. जुन्या नियमाप्रमाणे तेही बाद, नव्याप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. कोणता नियम लागू, यावर खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर जुना नियम धरण्यात आला व भारताने सामना ३३–२९ असा जिंकला.