झाडीच्या जमिनीसाठी पहिला छोटा ट्रॅक्टर

कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे २०२० मध्ये वगळण्यात आली आणि बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास असलेली जुनी आडकाठी दूर झाली. तेव्हापासून बेळगावच्या पेठेतील काही कुटुंबांचे लक्ष खानापूर तालुक्यातील जमिनींकडे वळले आहे. जमीन हाती आली की घरात पहिली बोलणी निघतात ती ट्रॅक्टरची. परंतु काळ्या, सपाट रानात नांगर ओढणारे यंत्र आणि ऐन, किंदळ, जांभूळ व काजू यांच्या दाटीत तांबड्या चढउतारावर चालणारे यंत्र, ही एकच वस्तू नव्हे. पहिल्या खरेदीत हा भेद ध्यानी यावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपण व्यापारी लोक मालाचा भाव वजनावर ठरवितो. ट्रॅक्टरचा भाव अश्वशक्तीवर ठरविण्याकडे आपला कल होतो. येथे पहिली सावधगिरी बाळगावयास हवी. विक्रेता सांगतो ती अश्वशक्ती इंजिनाची. मागील अवजार फिरविणाऱ्या दांड्यापर्यंत, म्हणजे ज्याला पीटीओ म्हणतात तेथपर्यंत, तिच्यातील सुमारे पंच्याऐंशी टक्केच पोहोचते. बारदानासह वजन आणि निव्वळ वजन यांतील फरक ज्यास कळतो त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. मध्यप्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते. तिच्या अहवालांत पीटीओची शक्ती, यंत्राचे वजन, ओढ आणि वळण्यास लागणारी जागा हे सारे मोजून दिलेले असते. विक्रेत्याकडून तो अहवाल अवश्य मागून घ्यावा.

तथापि त्याही आधीचे काम जमिनीवर करावयाचे आहे. एक फीत घेऊन ज्या वाटांनी यंत्र जाणार त्यांतील सर्वांत अरुंद जागा मोजावी. सुपारीच्या बागेत झाडे बहुधा नऊ-नऊ फुटांवर असतात. काजूत पंचवीस फुटांच्या आसपास. सुपारीत तीन-साडेतीन फूट रुंदीचे यंत्रच सुखाने फिरेल, काजूत मोठेही चालेल. डोक्यावरील फांद्यांची उंचीही मोजावी. उभ्या धुराड्याचे यंत्र दाट झाडीत सतत अडकते. आडव्या, खाली वळविलेल्या धुराड्याची अडचण वेगळी: फाल्गुन-चैत्रात खाली वाळल्या पाल्याचा थर असतो, त्यास ते चिकटले तर आग लागावयास वेळ लागत नाही. यांतील कोणतेही धुराडे पत्करले तरी ठिणगी अडविणारी जाळी बसवून घ्यावी.

अरुंद यंत्र झाडांतून जाते हा त्याचा गुण, आणि त्याच गुणात त्याचा मोठा दोष दडलेला आहे. साधे गणित पाहा. ट्रॅक्टरच्या वजनाचा मध्य जमिनीपासून दोन फूट उंच आहे आणि मागील चाकांमधील अंतर तीन फूट आहे असे मानू या. असे यंत्र स्थिर उभे असता सुमारे सदतीस अंश कलले की उलटेल. हेच अंतर साडेचार फूट असते तर ती मर्यादा अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत गेली असती. आता चार फुटांस एक फूट अशा उतारावर ते आडवे चालले आहे, आणि वरच्या बाजूचे चाक सहा इंच उंचीच्या खुंटावर चढले. उताराचे चौदा अंश आणि खुंटाचे साडेनऊ, मिळून साडेतेवीस! निम्म्याहून अधिक भांडवल तेथेच खर्च झाले. शिवाय पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर डोलत असल्याने पुढील चाके प्रारंभी आधार देत नाहीत, म्हणजे खरी मर्यादा सदतीसाहून कमीच. वेग आणि ओली माती यांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही. म्हणून उतारावर आडवे न जाता सरळ वर-खाली जावे, आणि मागील चाकांतील अंतर वाढविण्याची सोय असलेले यंत्र घेऊन, जेथे वाट देते तेथे ते रुंदच ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट ओंडके ओढण्याची. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे एक टन धरावे. दहा फूट लांब व सोळा इंच जाडीचा ओंडका चारशे किलोच्या घरात जातो. छोट्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही फार नसते. तेव्हा ओझे यंत्राच्या बरोबरीस येऊ पाहते. हा ओंडका एखाद्या खुंटास अडला आणि चालकाने क्लच सोडून जोर दिला, तर मागील चाकांस फिरता येत नाही. मग इंजिनाची शक्ती आसाभोवती ट्रॅक्टरचाच पुढचा भाग वर उचलू लागते. साखळी आसाच्या वर, म्हणजे तिन्ही भुजांपैकी वरच्या भुजेस किंवा आसावरच बांधली असेल तर ओंडकाही त्यास मागे खेचतो. परत न येण्याची मर्यादा पाऊण सेकंदात ओलांडली जाते आणि दीड सेकंदात यंत्र चालकासह पालथे पडते. घाबरून पाय क्लचवर न्यावयासही एवढा अवधी पुरत नाही. यास्तव ओढावयाचे ते केवळ खालच्या ओढपट्टीवरून. पुढे वजनाच्या पाट्या लावून. आणि पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडून.

चालकाच्या पाठीमागे उभी असणारी लोखंडी कमान ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली, आणि पुढील दशकांत तेथे उलटून होणारे मृत्यू नाममात्र उरले. झाडीसाठी दुमडता येणारी कमान मिळते. फांदीखालून जाताना ती दुमडावी, बाहेर येताच पुन्हा उभी करावी. कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधावा. दुमडली असता मुळीच बांधू नये, कारण मग पट्टा माणसास यंत्राखालीच धरून ठेवील. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. सोमवार ते शनिवार आपण पेढीवर असतो. यंत्रावर बसतो तो गडी. कमानीचे पैसे वाचविले तर ती काटकसर त्याच्या जिवावर होते.

दोन चाकी की चारचाकी ओढीचा, हा प्रश्न येथे फारसा उरत नाही. दोन चाकी ओढीच्या यंत्रात ब्रेक मागील चाकांसच असतात. भरलेली डबी घेऊन उतरताना मागील चाके हलकी पडली की ब्रेक असून नसल्यासारखे होतात. चारही चाकांस शक्ती असता इंजिनाचा रोध पुढील चाकांसही मिळतो. ब्रेकचे डावे-उजवे दोन्ही पेडल उतारावर कडीने जोडलेले असावेत.

पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा, उपरणे वा लुगड्याचा पदर एकदा त्यात गुंतला की सोडविण्यास वेळ नसतो. त्यावरील आवरण काढून ठेवलेले यंत्र दारात उभे करू नये. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा बसविला म्हणजे खुंटावर आपटून तेल गळण्याचे भय टळते. रोटाव्हेटर झाडांच्या बुंध्याजवळ चालवू नये, सुपारीची मुळे वरच्यावरच असतात व ती कापली जातात. तेथे गवत कापणारे अवजारच बरे.

बाजारात निवड बरीच आहे. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा बी २४४१ हे दोन्ही २४ अश्वशक्तीचे व चारचाकी ओढीचे आहेत. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये सादर केलेली ओजा मालिकाही चारचाकी ओढीचीच. युवराज २१५ हा पंधरा अश्वशक्तीचा. सपाट बागेस ठीक, ओंडक्यांस नव्हे. दोन-तीन एकर भाताच्या खाचरांपुरते काम असेल तर पॉवर टिलरही पुरेल. नावापेक्षा मेस्त्री किती मैलांवर आहे हे पाहावे. आषाढात जांबोटीच्या वाटेवर यंत्र बंद पडले असता कोण येईल, हा प्रश्न विक्रेत्यास त्याच्या दुकानात नव्हे, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकास विचारावा.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्यान्वये आपल्या मालकीच्या जमिनीतीलही बहुतेक जातींची झाडे तोडण्यास वनखात्याची परवानगी लागते. काही जाती वगळल्या आहेत, त्यांची यादी आधी पाहावी. आणि शेतीसाठी नोंदविलेल्या ट्रॅक्टर-डबीतून दुकानाचा माल वाहण्याचा मोह टाळावा. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. किमतीच्या बाजूस दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला.

घाई नसेल तर एक हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढावा. कर्नाटक शासनाच्या कृषि यंत्रधारे योजनेची केंद्रे होबळीच्या गावी आहेत. अनुदानाची चौकशी रैत संपर्क केंद्रात होते. मग खरेदीपूर्वी विक्रेत्यास यंत्र आपल्या जमिनीवर आणावयास सांगावे, तेही पाऊस पडून गेल्यावर, आणि आपल्या गड्यास त्यावर बसवून त्याचे पाय दोन्ही पेडलांस पुरते पोहोचतात की नाही हे पाहून घ्यावे.