मोहफुलांचा लहान व्यापार

चैत्रात धानोरा, कुरखेडा, कोरची या तालुक्यांतील स्त्रिया भल्या पहाटे टोपली घेऊन मोहाखाली फुले वेचू लागतात, तेव्हा ज्या व्यवसायाचा आरंभ होतो त्याचे भांडवल श्रम आणि ऊन एवढेच असले, तरी त्याचा नफातोटा रसायनशास्त्राच्या नियमांनी बांधलेला असतो. ताज्या फुलात बहुतांश पाणी असते आणि वाळल्यावर उरणाऱ्या अंशात मोठा वाटा शर्करेचा. ही शर्करा हवेतील आर्द्रता शोषून घेते, म्हणून पावसाळी हवा लागताच फूल मऊ व काळपट होऊन आंबू लागते.

या भयाने, आणि घरच्या नडीनेही, बहुतेक माल हंगामातच आठवडी बाजारात उतरतो, व भाव पडतो. अशा कुटुंबाने कर्ज काढून, पडत्या भावात माल घेऊन साठविणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याचे अनुकरण करणे मला सर्वथा अहितकारक वाटते. तेल-मिठापुरती फुले विकून बाकीची, मुठीत दाबली असता एकमेकांस चिकटणार नाहीत इतकी वाळवावीत आणि हवाबंद ठेवून भाव चढण्याची वाट पाहावी, हेच त्याच्या ऐपतीस साजेसे धोरण होय. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांच्या वाहतुकीवरील व साठवणुकीवरील निर्बंध उठविल्याने ते आता सुकरही झाले आहे.

वाहतूक मात्र एकट्या घरास परवडत नाही. तेथे धानोरा तालुक्यातीलच मेंढा-लेखा या गावाचा दाखला उपयोगी पडतो: २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविलेल्या या गावाने २०११ पासून बांबूची विक्री ग्रामसभेमार्फत केली, तोड ज्याची त्याने करायची, सौदा मात्र सर्वांचा मिळून एकच.