डाव्या बाजूचं लिंबू

रात्री मूठभर मटकी भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी गाठ सोडायला जावं तर पुरचुंडी टम्म फुगलेली आणि दोन-चार मोड फडक्यातून आरपार बाहेर आलेले! परवापर्यंत खड्यासारखे कडक असलेले दाणे ते हेच.

एवढ्या वेळात आत काय काय घडतं! उद्याच्या रोपासाठी दाण्यानं फॉस्फरसची शिदोरी बांधून ठेवलेली असते, फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल मोठं चिकट. लोह, जस्त, जे सापडेल ते धरून बसतं. म्हणून तर कडधान्यात लोह असूनही त्यातलं फार थोडं आपल्या अंगी लागतं. पाणी मिळालं की दाणा जागा होतो, फायटेज नावाचं विकर ती शिदोरी सोडायला घेतं आणि अडकलेलं लोहही सुटू लागतं.

पण सुटलेल्या लोहापुढे आणखी एक अडचण असते. वनस्पतींतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला असलेली त्याची वाट खुली होते ती फेरस रूपाला. दोघांत फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा! तो देऊ शकतं क जीवनसत्त्व, आणि ते कुठे असतं? ताटाच्या डाव्या बाजूला, मिठाशेजारच्या लिंबाच्या फोडीत.

क जीवनसत्त्व शिजवताना बरंचसं नष्ट होतं. म्हणजे लिंबू कढईत न घालता पानावर बसल्यावर पिळायचं, ही रीत किती नेमकी! शास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गी यांनी हे जीवनसत्त्व वेगळं काढलं १९२८ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं १९३७ मध्ये. आपल्या आज्या-पणज्या मात्र चवीसाठी म्हणून फोड वाढतच होत्या.

आणि हा सगळा खटाटोप किती लोहासाठी? मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात ते जेमतेम ३ ते ४ ग्रॅम असतं, एखाद्या छोट्या खिळ्याएवढं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. रोज जातं ते साधारण १ मिलिग्रॅम, पाळीमुळे बायकांचं जास्त. पण श्वासातला प्राणवायू अंगभर पोचतो तो या खिळ्याच्या जिवावर. तो झिजला की दोन जिने चढताना धाप लागते, दुपारीच अंग गळून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचं लोहाची कमतरता हे एक मोठं कारण. रक्तक्षय असेल तर नुसत्या लिंबानं भागत नाही, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण रोजच्या पानातलं लोह वाया का घालवायचं?

ते वाया घालवण्यात आपली एक लाडकी सवय पटाईत आहे: जेवणावर लगेच चहा. चहातली टॅनिन्स पोटातल्या लोहाला पुन्हा धरून ठेवतात. तास-दीड तास थांबलं तर लोह आपल्या वाटेनं गेलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी मोडाच्या मटकीची मिसळ मागवाल तेव्हा कांद्यासोबत आलेली ती फोड शेवटच्या थेंबापर्यंत पिळा. चहा मात्र घरी गेल्यावर.